एडिटरमधला माळढोक थरथरतो तेव्हा : या चुका टाळा

सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक व्हीएस कोड या प्रोग्राम लिहिण्याच्या एडिटरच्या कोपऱ्यात फिरावा, या हौसेने मी त्याची आठ फ्रेमची, म्हणजे एकामागून एक दिसणाऱ्या आठ चित्रांची चाल काढली. परंतु पडद्यावर आल्यावर तो चालण्याऐवजी थरथरू लागला आणि दोन संध्याकाळी मी प्रोग्राममधली चूक शोधत बसलो, जी तिथे नव्हतीच. हालचाल बिघडली की आधी कोड उसवायला घेणे, ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

दोष चित्रपट्टीत, म्हणजे सगळ्या फ्रेम शेजारी शेजारी मांडलेल्या स्प्राइट शीटमध्ये होता. प्रत्येकी 24 पिक्सेलच्या आठ फ्रेमची रुंदी 192 पिक्सेल व्हायला हवी. चित्र साठवताना रिकाम्या कडा छाटण्याचा पर्याय चालू राहिल्याने उजवीकडचे दोन पिक्सेल गेले, 190 उरले आणि प्रोग्रामने त्यांचे आठ समान भाग केले. प्रत्येक भाग 23.75 पिक्सेलचा झाल्यामुळे आठव्या फ्रेमपर्यंत पावणेदोन पिक्सेलची चूक साचली व पक्ष्याच्या मागे आधीच्या फ्रेमचा तुकडा डोकावू लागला. आपल्याकडे जकार्ड चादरीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढतात, तिथे अर्धे घर चालत नाही. इथेही तोच नियम आहे. रुंदीला फ्रेमच्या संख्येने भागून पूर्णांक येतो का, हे सर्वप्रथम पाहावे.

भागाकार बरोबर असूनही पक्षी उड्या मारत असेल, तर पाय पाहावेत. सर्व फ्रेममध्ये जमिनीवर टेकलेला पाय एकाच ओळीत हवा. एका पिक्सेलचा फरक तिप्पट मोठ्या चित्रात तीन पिक्सेलचा होतो आणि डोळ्याला लगेच खुपतो. चित्र मोठे करताना ते धूसर होऊ नये म्हणून सीएसएसमध्ये, म्हणजे पडद्यावरचे रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ‘पिक्सेलेटेड’ हा पर्यायही द्यावा.

गडद थीममध्ये प्राण्याभोवती पांढरी किनार दिसण्याचे कारण असे की, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेल्या चित्राच्या कडांमध्ये पांढरा रंग मिसळलेला असतो आणि पार्श्वभूमी पुसली तरी तो जात नाही. चित्र सुरुवातीपासून पारदर्शक थरावरच काढावे आणि पीएनजीमध्ये साठवावे. जीआयएफमध्ये पिक्सेल पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक एवढाच असू शकतो, शिवाय एका फ्रेमला 256 रंगांचीच मर्यादा असते.

प्राणी मुळीच दिसत नसेल, तर मात्र कोड पाहण्याची वेळ आली. व्हीएस कोडचा वेबव्ह्यू, म्हणजे एडिटरमधली वेबपानासारखी चौकट, संगणकावरची फाइल थेट उघडू देत नाही. चित्राचा पत्ता ‘अ‍ॅज वेबव्ह्यू यूआरआय’ या फंक्शनमधून न्यावा लागतो आणि ते फोल्डर परवानगीच्या यादीत असावे लागते. ज्यांना स्वतःचे चित्र नको, फक्त सोबत हवी आहे, त्यांनी या भानगडीत न पडता ‘व्हीएस कोड पेट्स’ हे तयार एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायची पुरवणी, घ्यावे. त्यात प्राणी, रंग आणि आकार सेटिंगमधून बदलतात.

टॅब बदलून परतल्यावर प्राणी पुन्हा आरंभस्थानी दिसतो, कारण झाकलेल्या वेबव्ह्यूमधला मजकूर टाकून दिला जातो. तो मजकूर कायम ठेवण्याचा पर्याय आहे, पण त्याला मेमरी बरीच लागते. त्यापेक्षा प्राण्याची जागा ‘सेट स्टेट’ या फंक्शनने नोंदवावी.

वेगाचा मोह सर्वांनाच होतो. माळढोक संथपणे पावले टाकणारा भारदस्त पक्षी आहे. त्याला सेकंदाला आठ फ्रेम पुरतात. आणि ज्यांनी संगणकावर हालचाल कमी ठेवण्याचे सेटिंग निवडले आहे, त्यांच्या पडद्यावर तो एका जागी स्थिर उभा राहिला पाहिजे.