नंबर प्लेट खडखडतेय?
एचएसआरपी, म्हणजे गाडीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हलायला लागली की डब्यातला एखादा स्क्रू पिळायचा मोह होतो. तो आवरा. ही पाटी स्नॅप लॉकने बसवलेली असते. ते लॉक एकदाच वापरायचं असतं, काढलं की तुटतं, मुद्दामच तसं बनवलंय. नवं लॉक अधिकृत फिटमेंट सेंटरवरच बसवून घ्या.

तिथं पाटी निघालीच आहे, तर मागचा ब्रॅकेटही बघा. खडखड बहुधा त्याचीच! त्याचे स्क्रू गंजले असतील तर स्टेनलेस स्टीलचे घ्या, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर नक्कीच. हार्डवेअरच्या दुकानात जुना स्क्रू नमुन्याला न्या. जाडी, आटे, लांबी तिन्ही जुळायला हवं. जास्त लांब स्क्रू बंपरच्या आत काय भोसकेल सांगता येत नाही. खाली प्लॅस्टिकचा वॉशर टाका.