पेटी कुणाची, बाग कुठली: सोलच्या रीइश्यू रेकॉर्डचं मूळ कसं शोधायचं

मे महिन्यात हायवेला पेट्या लावून बसतात बघा, वर मोठ्ठं 'देवगड हापूस' आणि आत निम्मा माल कर्नाटकातला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. म्हणून आपण पेटी वाचून आंबा घेत नाही, वास घेतो, देठ बघतो, बाग कुठली ते विचारतो. पण रेकॉर्ड घेताना, मग ती जुनी गाणी परत छापलेली म्हणजे रीइश्यू असली तरी, मधल्या गोल कागदावर जे नाव छापलंय तेच खरं धरून चालतो. मी पण तेच करायचो.

माझे मामा जहाजावर होते, लिव्हरपूल वगैरे बंदरांत उतरले की रेकॉर्डी घेऊन यायचे. ते गेल्यावर मामी म्हणाली, "ने बाबा ती ट्रंक, नायतर वाळवी खाईल." रत्नागिरीच्या घरात माळ्यावरून ट्रंक उतरवली तर आत सगळा सोल, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं साठ-सत्तरच्या दशकातलं संगीत, आणि बऱ्याच रेकॉर्डींवर एकच नाव, टॅमला मोटाउन. मला वाटलं वा, सगळं एकाच कंपनीचं. तिथेच पहिली चूक. अमेरिकेत मोटाउन कंपनीची टॅमला, मोटाउन, गॉर्डी, सोल, व्हीआयपी अशी वेगवेगळी लेबलं, म्हणजे रेकॉर्डवर छापायची ब्रँडची नावं, होती आणि मार्च १९६५ पासून ब्रिटनमध्ये त्या सगळ्यांचा माल टॅमला मोटाउन या एकाच नावाने निघायला लागला. त्याच्या आधी तर तीच गाणी तिकडे लंडन, फोंटाना, ओरिओल, स्टेटसाइड अशी लेबलं बदलत फिरत होती. म्हणजे ब्रिटिश रेकॉर्ड हातात असेल तर तिच्यावरचं नाव ही फक्त पेटी आहे, बाग म्हणजे मूळ लेबल वेगळंच असेल असं समजूनच सुरुवात करा.

आता करायचं काय. आधी पुढचं चित्र विसरा आणि बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून, गरज पडली तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून. 'अंडर लायसन्स फ्रॉम', 'लीज्ड फ्रॉम', 'कर्टसी ऑफ' यांच्यापुढे जे नाव येतं ते कामाचं, आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' किंवा 'डिस्ट्रिब्युटेड बाय'च्या पुढचं म्हणजे नुसता व्यापारी. मग गोलातला पी शोधा. गोलातला सी म्हणजे कव्हर, मजकूर, चित्र यांचा हक्क आणि गोलातला पी म्हणजे रेकॉर्डिंगचा, लोक दोन्ही एकच समजतात. अमेरिकेत रेकॉर्डिंगला केंद्रीय कॉपीराइट मिळाला तोच १५ फेब्रुवारी १९७२ पासून, त्यामुळे १९६६ च्या गाण्याच्या अमेरिकन सिंगलवर (एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड) गोलातला पी दिसला की समजायचं ही छपाई नंतरची आहे, विकणारा कितीही 'ओरिजिनल, ओरिजिनल' करू दे. ब्रिटिश रेकॉर्डला मात्र हा नियम लावू नका, तिकडे पी आधीपासून छापत होते. आणि कलेक्शनच्या, म्हणजे जुनी गाणी एकत्र केलेल्या, रेकॉर्डवर पीच्या पुढे कलेक्शनचं वर्ष टाकलेलं असू शकतं, त्यावरून गाणं कधीचं ते ठरवू नका.

इथे एक सांगून ठेवतो, पावसाळ्यात आपल्याकडे कागदाला पांढरी बुरशी धरते ती काढायला लेबलावर ओलं फडकं मारू नका. मी मारलं. बुरशी गेली आणि तिच्याबरोबर खालची बारीक ओळ पण गेली, आता त्या रेकॉर्डवर ठळक नाव तेवढं शिल्लक आहे, म्हणजे नेमका निरुपयोगी भाग. लेबलाला कोरडा मऊ ब्रश, बस.

कागद गेला तरी प्लास्टिक बोलतं. शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्याच्या मधल्या गुळगुळीत पट्टीला रनआउट म्हणतात, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे छपाईच्या साच्याचा नंबर, कोरलेला असतो. रात्री लाईट घालवा, रेकॉर्ड डोळ्यासमोर आडवी धरा आणि टॉर्च वरून न मारता बाजूने मारा, मग हळूहळू फिरवा, अक्षरं उठून दिसतात. कधी हाताने ओरखडल्यासारखी, कधी मशीनने ठोकलेली. एखादा नंबर खोडून शेजारी दुसरा घातलेला असतो, तो दिसला की मला तर आंब्याच्या पेटीवर जुन्या शिक्क्यावर चिकटवलेला नवा कागद सापडल्यासारखं होतं. सगळे नंबर उतरवून घ्या आणि डिस्कॉग्स (Discogs) या रेकॉर्डींची यादी असलेल्या वेबसाइटवर टाकून बघा, सिंगल असेल तर फॉर्टीफाइव्हकॅटवर (45cat) पण बघा. तिथे वर्षांप्रमाणे लावलं की सगळ्यात जुनी एंट्री कुठल्या लेबलची आहे ते कळतं.

तरी नुसतं जुनं नाव सापडून भागत नाही, माल एका पेटीतून दुसऱ्या पेटीत का गेला ते बघायला लागतं, कारण त्यावरून पुढचं शोधणं सोपं जातं. कधी छोट्या लेबलची ताकदच नसते. बॅरेट स्ट्राँगचं 'मनी' १९५९ मध्ये टॅमलावर निघालं पण देशभर चाललं ते मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी याच्या बहिणीच्या ॲना लेबलवरून, कारण ॲनाच्या मागे चेस कंपनीचं वितरण होतं. कधी अख्खी बागच विकली जाते. ज्युनियर वॉकरचं 'क्लिओज मूड' घ्या, निघालं १९६२ मध्ये हार्वी फुक्वाच्या हार्वी लेबलवर, मग फुक्वाची लेबलं मोटाउनमध्ये आली आणि तेच रेकॉर्डिंग १९६५ च्या 'शॉटगन' अल्बमवर बसलं, लेबलचं नाव काय तर सोल! (सोल नावाचं लेबल सोल गाणी काढतं, गुगलवर शोधताना डोकं फिरतं.) सिंगल म्हणून पुन्हा काढलं तेव्हा १९६६ मध्ये ते चाललं पण. म्हणजे 'शॉटगन' ऐकताना मध्येच एक गाणं जरा वेगळ्या खोलीत वाजवल्यासारखं वाटलं तर तुमचा कान बरोबर आहे.

आणि तिसरं कारण म्हणजे कागद न वाचता केलेली सही, जमिनीच्या व्यवहारात आपल्याकडे कितीतरी घरांनी भोगलंय ते. मेम्फिसच्या स्टॅक्स या छोट्या कंपनीचा माल न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी वितरित करायची, आधी तोंडी, मग १९६५ मध्ये रीतसर करार झाला. स्टॅक्सच्या जिम स्टुअर्टने न वाचता सही केली. १९६७ मध्ये वॉर्नर सेव्हन आर्ट्सने अटलांटिक घेतली, स्टॅक्सने वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा कराराचं कलम वर आलं, की अटलांटिकने वितरित केलेल्या सगळ्या मास्टर टेपची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या टेपची, मालक अटलांटिक. स्टॅक्सने स्वतःच्या स्टुडिओत केलेलं 'ग्रीन ऑनियन्स', गायक ओटिस रेडिंगची गाणी, सगळं १९६८ मध्ये एका फटक्यात गेलं. ओटिस डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला होता, त्याची मेम्फिसमध्ये केलेली उरलेली गाणी १९६८ मध्ये 'द इमॉर्टल ओटिस रेडिंग' म्हणून निघाली ती अटलांटिकच्या ॲटको लेबलवर. लेबल वाचलंत तर न्यूयॉर्क, आवाज ऐकलात तर मेम्फिस. रिकाम्या गोदामाने स्टॅक्स परत उभी राहिली, १९६९ मध्ये एकदम २७ अल्बम काढले, पण १९७५ च्या डिसेंबरात कुलूप लागलं. १९६८ नंतरचा माल १९७७ मध्ये फँटसी या दुसऱ्या कंपनीने घेतला. म्हणून स्टॅक्सचं गाणं शोधताना पहिला प्रश्न हाच, मे १९६८ च्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल तर अटलांटिककडचे रीइश्यू बघा, नंतरचं असेल तर फँटसीकडचे. १९५९ ते १९६८ च्या सिंगल्सचा ९ सीडींचा सेट १९९१ मध्ये अटलांटिकने काढला आणि पुढचे सेट फँटसीने, एकाच स्टुडिओची वाटणी झाल्यासारखी.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. गाणं तेच, गायक तोच, पण रेकॉर्डिंग दुसरंच. ग्लॅडिस नाइट आणि पिप्सचं 'एव्हरी बीट ऑफ माय हार्ट' अटलांटाच्या हंटम या छोट्या लेबलसाठी झालं, तिथून ते व्ही-जेकडे गेलं, आणि ग्रुपने मध्येच फ्युरी लेबलसाठी तेच परत गायलं. १९६१ मध्ये दोन्ही एकाच वेळी बाजारात, व्ही-जेचं पॉप चार्टवर ६ नंबरला गेलं आणि फ्युरीचं ४५ ला. कलेक्शनवर नुसतं गाण्याचं नाव असेल तर यातलं कुठलं आहे हे कागदावरून कळणार नाही, दोन्ही लावून ऐका. मी असं करतो, आधी वेळ सेकंदापर्यंत जुळते का बघतो, मग पहिली १५ सेकंदं हेडफोनवर लागोपाठ, ड्रम कधी येतो आणि गायिका श्वास कुठे घेते तिकडे कान. स्वस्तातल्या कलेक्शनच्या मागे 'न्यू रेकॉर्डिंग' किंवा 'रीरेकॉर्डेड बाय द ओरिजिनल आर्टिस्ट' असं मुंगीएवढ्या अक्षरात असतं, ते दिसलं की गाणी म्हातारपणी परत गायलेली असण्याची शक्यता धरूनच पैसे द्या. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी असाच सेट घेतला होता, तक्रार केली तर म्हणे "सर, आर्टिस्ट ओरिजिनलच आहे ना."

नवीन रीइश्यू घ्यायचा तर मी लंडनच्या एस कंपनीचं केंट लेबल बघतो, १९८२ पासून ते हेच काम करतायत, आत कुठलं गाणं कुठल्या लेबलचं आणि कधीचं ते नीट छापलेलं असतं. शिकागोचं न्युमेरो ग्रुप पण चांगलं, त्यांनी २००४ मध्ये पहिलाच अल्बम काढला तो ओहायोतल्या कॅपसोल नावाच्या बारक्या लेबलचा. उलट युरोपातल्या काही स्वस्त सीडी दिसतात, सगळी गाणी १९६२ च्या आतली आणि लायसन्सची ओळच नाही. तिकडे २०१३ मध्ये रेकॉर्डिंगचा हक्क ५० वरून ७० वर्षं झाला पण १९६२ अखेरपर्यंत निघालेल्या रेकॉर्डिंगना तो वाढीव हक्क मिळाला नाही, त्यामुळे ती कुणीही काढू शकतो. बेकायदा नाही, पण मूळ टेप हातात असायची गरज नाही, जुन्या रेकॉर्डवरून उतरवली तरी चालतं, म्हणून मागे करकर येते का ते ऐकूनच घ्या.

शेवटी सापडलेलं सगळं एका चिठ्ठीवर लिहून ती आतल्या कव्हरमध्ये सरकवा, पेन्सिलने, शाई आपल्या हवेत फुटते. माझ्या 'शॉटगन'मध्ये आहे ती अशी: पेटी टॅमला मोटाउन, बाग सोल, आणि एक झाड हार्वीचं, १९६२.