फुटगोल्फ खेळताय? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

कोल्हापूरच्या पोराला किक मारायला शिकवावं लागत नाही. पेठेतल्या गल्लीत, तालमीच्या दारात, शाळेच्या मैदानावर ते आपोआप अंगात भिनतं. हंगामात शाहू स्टेडियम भरतं तेव्हा गॅलरीतल्या दहा वर्षांच्या पोरालाही ऑफसाइड कळतो. म्हणून फुटगोल्फ आपल्याला सहज जमेल असं वाटतं, आणि नेमका तिथंच घोळ होतो. आपण फुटगोल्फच्या माळावर उतरतो आणि खेळत मात्र फुटबॉलच राहतो.

आधी खेळ समजून घ्या. चेंडू नेहमीचाच, ५ नंबरचा. काठी नाही, गोलपोस्ट नाही, गोलकीपर नाही. ठरलेल्या जागेवरून पहिली किक मारायची आणि लांब झेंडा लावलेल्या खड्ड्यात चेंडू घालायचा. खड्ड्याचा व्यास सुमारे ५२ सेंटीमीटर. ज्याच्या किक सगळ्यात कमी, तो जिंकला. प्रत्येक खड्ड्याला अंतर आणि अडचणी बघून पार ठरवलेला असतो, म्हणजे तिथं किती किक अपेक्षित आहेत तो आकडा: ३, ४ किंवा ५. या खेळाची पहिली रीतसर स्पर्धा २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली आणि २०१२ मध्ये हंगेरीत पहिला विश्वचषक भरला. नियमांचा सांगाडा गोल्फचा आहे. पाय फुटबॉलचे आणि डोकं गोल्फचं, असा हा मामला.

खड्ड्याजवळ ताकद लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पहिल्या किकला पोरं माळ गाजवतात, आणि खड्डा पाच-सात मीटरवर आला की तीन किक घालवतात. चेंडू खड्ड्यावरून सरळ निघून जातो किंवा पलीकडच्या काठावर आपटून बाहेर उडतो. मग ‘नशीबच नाही’ म्हणायचं. यात नशिबाचा काही संबंध नाही.

हिशेब बघा. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. खड्ड्यात बसायचा तर पलीकडचा काठ येईपर्यंत तो निदान निम्मा, म्हणजे ११ सेंटीमीटर खाली गेला पाहिजे. एवढं खाली पडायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो पुढं किती जाईल, यावर सगळं ठरतं. ढोबळ मानानं ताशी १० किलोमीटरच्या वर वेग असेल तर मधोमध आलेला चेंडूही पलीकडच्या काठावर आदळतो. ही आपल्या साध्या पळण्याची गती झाली. आणि चेंडू कडेनं आला तर पडायला जागा आणखी कमी मिळते, म्हणून वेगही कमी लागतो.

उपाय सोपा आहे, पण सवय मोडायला लागते. शेवटच्या किकला धावत येऊ नका. एकच पाऊल मागं घ्या आणि पायाच्या आतल्या बाजूनं, आपण जवळच्याला पास देतो तशी किक मारा. निशाणा असा धरा की चुकला तरी चेंडू खड्ड्यापलीकडे दोन-तीन पावलांत थांबेल. त्याआधी खाली बसून उतार बघा. माळावर उतार डोळ्यांना सपाट दिसतो, चेंडूला मात्र बरोबर कळतो. उतार डावीकडे असेल तर उजवीकडे थोडं जास्त धरा. खड्ड्याच्या वरच्या अंगाला थांबण्यापेक्षा खालच्या अंगाला थांबलेलं बरं, कारण पुढची किक चढाला लागते आणि चढाला वेग आवरता येतो.

लांबच्या किकलाही उंच उडवायचा मोह आवरा. आपल्याकडचा कडक, खडीचा माळ चेंडूला कुठंही उडवतो. खालून सरपटत नेलेला चेंडू दिसायला साधा, पण दिशेला पक्का.

खड्डाच चुकीचा काढणं

घरच्या घरी सराव करायचा म्हणून बरेच जण बांधकामावरचं घमेलं पुरतात. घमेलं लहान पडतं आणि मुख्य म्हणजे उथळ असतं. चेंडू आत जातो, मागच्या भिंतीवर घासतो आणि वर चढून बाहेर. खोली निदान चेंडूच्या उंचीपेक्षा जास्त, म्हणजे २८ ते ३० सेंटीमीटर ठेवा. काठ सरळ उभा काढा. कडा ढासळून उतरत्या झाल्या की तोंड मोठं होतं आणि खेळ उगाच सोपा होतो. २०० लिटरचं जुनं पिंप कापून त्याचा तळाकडचा भाग पुरला तर काम होतं. तोंड थोडं मोठं भरतं, सरावाला चालतं. पत्र्याची कापलेली धार मात्र वर राहू देऊ नका. ती घासून, दुमडून मातीच्या पातळीखाली घ्या, नाहीतर कुणाच्या तरी पायाला लागेल.

चेंडू ढकलणं

तळव्याखाली चेंडू घेऊन ओढणं, पायानं उचलून पुढं टाकणं ही फुटबॉलमधली कला. इथं ती किक धरत नाहीत. पाय चेंडूला एकदाच, स्वच्छ लागला पाहिजे. आणि चेंडू पूर्ण थांबल्याशिवाय पुढची किक नाही. उतारावरून परत येणारा चेंडू बघून पाय आपोआप पुढं जातो, तो आवरा.

हात लावणं आणि वाद घालणं

चेंडू जिथं थांबला तिथूनच मारायचा. उसाच्या तोडीनंतर मोकळ्या झालेल्या रानात खेळत असाल तर चेंडू सरीत अडकणार, पाचटात लपणार. तरी उचलून ‘जरा बरी जागा’ बघायची नाही. दुसऱ्याच्या वाटेत येत असेल तर मात्र मागं नाणं ठेवून चेंडू उचलता येतो. त्याची किक झाली की परत तिथंच.

खड्ड्यापासून ज्याचा चेंडू सगळ्यात लांब, तो आधी मारतो. चेंडू पाण्यात गेला तर एक किक दंड म्हणून वाढते. ती लगेच लिहा. चार खड्डे झाल्यावर आठवून लिहायला बसलं की भांडण ठरलेलं. ‘भावा, ती धरू नको की, परत मारतो’ हे एकदा चालवून घेतलं की दिवसभर चालवून घ्यावं लागतं. एकमेकांचे आकडे एकमेकांनी लिहायचे, आपले आपण नाही. सगळ्यांचे चेंडू सारखेच दिसतात, म्हणून मार्करनं स्वतःची खूण करून ठेवा.

बूट आणि हवा

स्टडचे बूट या खेळात चालत नाहीत, ते हिरवळ उखडतात. बारीक रबरी ठिपक्यांचे टर्फ शूज घ्या. चेंडूत हवा कमी असेल तर तो गवतात मरतो, जास्त असेल तर काठावरून उडतो. सकाळी गार असताना भरलेला चेंडू एप्रिलच्या दुपारी कडक लागतो, तेव्हा खेळाआधी एकदा दाबून बघा.

जागा न बघता खेळणं

गांधी मैदानासारख्या गर्दीच्या ठिकाणी, क्रिकेटच्या चार-पाच डावांमधून लांब किक मारणं हा शुद्ध धोका आहे. पुढं माणूस असेल तर थांबायचं, हा गोल्फचाच नियम. माळावर किंवा रानात खेळायचं तर मालकाला आधी विचारा आणि कुठं खड्डे काढणार ते दाखवा. खेळ संपला की झेंडे काढून खड्डे बुजवा, पायानं माती दाबून घ्या. उद्या परत खेळायचं असेल तर निदान जाड फळी टाकून वर दगड ठेवा. त्या रानात म्हशी चरायला येतात, आणि एवढ्या खड्ड्यात म्हशीचा पाय गेला तर मोडतोच.