ऑनर्सला ‘घालायचं’ नसतं: बॅरेटला जाणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

गणपतीत इथे अ‍ॅरिझोनातल्या चँडलरमधल्या कुणाकडेही आरतीला गेलं, की प्रसाद हातावर पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "तुमची लेक बॅरेटला होती ना? आमच्या मुलाला पण ऑनर्सला घालायचंय. काय काय लागतं?" उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. पण त्याआधी त्या प्रश्नातलं ‘घालायचं’ काढून टाका. बालवाडीत घालतात, क्लासला घालतात. ऑनर्सला मूल स्वतःच्या पायाने गेलं तरच तिथे टिकतं.

बॅरेट म्हणजे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं ऑनर्स कॉलेज, जास्तीचा अभ्यास करायची तयारी असलेल्या मुलांसाठी विद्यापीठातच असलेलं. 1988 साली सुरू झालं. 2000 साली क्रेग आणि बार्बरा बॅरेट यांनी 1 कोटी डॉलरची देणगी दिली, तेव्हापासून त्यांचं नाव लागलं. हे क्रेग बॅरेट म्हणजे इंटेलचे त्या वेळचे प्रमुख, म्हणजे आपल्या चँडलरमधल्या कितीतरी मराठी घरांना ओळखीचं नाव. विद्यापीठ एवढं अवाढव्य, की पहिल्या वर्षाच्या एकेका वर्गात शेकड्यांनी मुलं बसतात. त्या गर्दीत राहूनच छोट्या कॉलेजासारखं शिकता यावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. मुलाची डिग्री इंजिनिअरिंगची असो, नर्सिंगची असो की संगीताची, ती आपल्या विभागाचीच राहते. ऑनर्स तिच्या जोडीला येतं.

अर्ज दोन असतात, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. विद्यापीठाचा अर्ज भरला म्हणजे बॅरेटचा आपोआप भरला जात नाही. बॅरेटचा वेगळा भरायचा, त्यात निबंध लिहायचा. बारावीचं वर्ष सुरू झालं की लगेच दोन्ही उघडून बघा आणि पहिल्या टप्प्याची तारीख गाठा. पैशाचंही आधीच बोलून घ्या. ऑनर्सची फी विद्यापीठाच्या नेहमीच्या फीखेरीज दर सेमिस्टरला वेगळी लागते, आणि पहिल्या वर्षी सहसा बॅरेटच्याच वसतिगृहात राहावं लागतं. आम्ही चँडलरला, म्हणजे कॅम्पसपासून अर्ध्या तासावर. घरून ये-जा करेल असं आम्ही गृहीत धरलं होतं. खर्चाचा हिशेब पुन्हा मांडावा लागला.

आता निबंध. पहिला मसुदा लेकीने मला दाखवला आणि मी त्यात नको तेवढा हात घातला. स्वयंसेवा, नेतृत्व, बक्षिसं, सगळं कोंबलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आई, हे वाचून मी कोण आहे ते कळतच नाही." तिने तो टाकून दिला आणि सांगलीच्या आजीच्या गच्चीवर लिहिलं. मे महिन्यात आजी दिवेलागणीला गच्चीवर पाणी शिंपडते, मग अंथरुणं पडतात. लेकीला प्रश्न पडला होता, याने खरंच गार होतं का, की नुसतं वाटतं? सूर्य मावळून दोन तास झाले तरी फरशीला हात लावला की चटका बसायचा. तिने स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेऊन अर्धी गच्ची ओली केली, अर्धी कोरडी ठेवली, आणि आजीशी वाद घातला. निबंध तेवढाच. माझं सांगणं एवढंच की मुलाला खरोखर पडलेला एक प्रश्न शोधायला सांगा आणि तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा.

प्रवेश मिळाला की पहिल्या वर्षी ‘द ह्यूमन इव्हेंट’ नावाचा दोन सेमिस्टरचा वर्ग असतो. वीस-पंचवीस मुलं, एक प्राध्यापक, आणि जगभरातले जुने-नवे ग्रंथ वाचून त्यावर चर्चा. इथे आपली मुलं अडखळतात, कारण नीट ऐकून घेणारं मूल शहाणं, असं आपण त्यांना वाढवलेलं असतं. इथे बोलण्यालाही गुण आहेत. तिसऱ्या आठवड्यात लेकीचा रात्री फोन आला, "आई, आजही मी तोंड उघडलं नाही." मग तिने एक युक्ती काढली. वर्गाला जाण्याआधी पुस्तकातली न पटलेली एक ओळ पेन्सिलने अधोरेखित करायची, शेजारी ‘का?’ लिहायचं, आणि पहिल्या दहा मिनिटांत तेवढंच विचारायचं. घरी आलेल्या तिच्या पुस्तकांच्या समासात अजून ते ‘का?’ दिसतात. मी ती कुणाला देणार नाही.

पहिल्या वर्षापासून असणाऱ्यांना एकूण 36 ऑनर्स क्रेडिट लागतात, आणि शेवटपर्यंत जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, 3.25 च्या खाली जाऊ देता येत नाही. हायस्कूलमधले एपीचे (तिथेच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांचे) क्रेडिट डिग्रीला उपयोगी पडतात, या 36 मध्ये धरत नाहीत. पण 36 हा आकडा ऐकून घाबरू नका, ते बहुतेक डिग्रीच्या क्रेडिटमध्येच बसतात. मोठा आधार असतो तो ऑनर्स कॉन्ट्रॅक्टचा. नेहमीच्याच वर्गात प्राध्यापकांशी ठरवून थोडं जास्तीचं काम करायचं, की त्या वर्गाचे क्रेडिट ऑनर्सचे होतात. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचारावं लागतं आणि प्राध्यापक नाहीही म्हणू शकतात. लेकीचा पहिला ईमेल पानभर होता, उत्तर आलं नाही. दुसरा चार ओळींचा: मी कोण, तुमच्या वर्गात काय आवडलं, काय करून बघायचं आहे, ऑफिस अवर्सना (तुमच्या भेटीच्या वेळेत) कधी येऊ. संध्याकाळी उत्तर आलं. त्या स्टॅटिस्टिक्सच्या वर्गात तिने शहराच्या बसप्रवाशांची आकडेवारी घेऊन उन्हाळ्यात प्रवासी किती घटतात ते काढलं.

त्यातूनच थिसिस, म्हणजे शेवटी लिहायचा स्वतःच्या संशोधनाचा प्रबंध, निघाला. थिसिस सगळ्यांना करावाच लागतो, आणि माझ्या मते ऑनर्सला जायचं ते यासाठीच. बाकीचं सगळं नसतं तरी चाललं असतं. नुसता डिग्रीवर शिक्का हवा असेल तर चौथ्या वर्षी हा थिसिस मानेवर बसतो. मी अशी हुशार मुलं रडताना पाहिली आहेत. मध्येच ऑनर्स सोडलं तर डिग्री जात नाही, तेव्हा सोडणाऱ्या मुलाला बोल लावू नका. तिसऱ्या वर्षीच मार्गदर्शक शोधायला लागायचं. जुने थिसिस विद्यापीठाच्या लायब्ररीत ऑनलाइन आहेत. आपल्या विषयातले दोन-तीन वाचले की मोठ्या नावाचं ओझं उतरतं.

पहिल्या वर्षी जमलं नाही त्यांनाही नंतर अर्ज करता येतो, कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) येणाऱ्यांनाही. त्यांच्या क्रेडिटच्या अटी वेगळ्या असतात, त्या ऑनर्सच्या सल्लागाराला समोर बसवून विचारा.

लेकीचा विषय होता बसथांब्यावरची सावली. ऑगस्टात, पारा 110 फॅरनहाइटच्या वर असताना, ती दुपारी तीनला टेम्पीच्या, म्हणजे कॅम्पसच्या गावातल्या, थांब्यांवर उभी राहून बाकाचं तापमान टिपायची, उन्हातलं आणि सावलीतलं. मी थंड पाण्याच्या बाटल्या घेऊन गाडीत बसलेली असायचे. शेवटच्या सेमिस्टरला डिफेन्स झाला, म्हणजे कमिटीसमोर थिसिस मांडून प्रश्नांना उत्तरं द्यायची. तिचं सांगून झाल्यावर कमिटीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि सूर्य मावळल्यावर?" लेक क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "रात्री मी मोजलं नाही. मोजायला हवं होतं. काँक्रीट किती वेळ तापलेलं राहतं, ते मला लहानपणापासून माहीत आहे." बाईंनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

डिफेन्सला घरच्यांना बसता येतं. तारीख कळली की त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.