साथीच्या काळात बदललेला कॉलेजप्रवेश: या चुका टाळा

मार्च २०२० पूर्वी रत्नागिरी, चिपळूण किंवा सावंतवाडीच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा म्हणजे कागदांची पिशवी घेऊन एका खिडकीसमोर उभं राहायचं. पलीकडचा कारकून फॉर्म उलटसुलट करून बघायचा आणि आईचं नाव राहिलंय, दाखल्याची झेरॉक्स पुसट आलीय, हे तिथल्या तिथे सांगायचा. कोरोनाच्या टाळेबंदीत ती खिडकी बंद झाली आणि तिचं काम वेगवेगळ्या संकेतस्थळांवर वाटलं गेलं. साथ ओसरली तरी ऑनलाइन पद्धत बऱ्याच अंशी तशीच राहिली. तिथे चूक लगेच दाखवून देणारा माणूस नसतो. आडनाव चुकलं तरी फॉर्म स्वीकारला जातो आणि ते कळतं परीक्षेचा अर्ज भरताना, कधी कधी तर थेट पदवी प्रमाणपत्र हातात आल्यावर. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

फी भरली म्हणजे प्रवेश झाला, असं धरून चालणं

मुंबई विद्यापीठाच्या बीए, बीकॉम, बीएस्सीसारख्या पदवीला पायऱ्या अशा: आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी, मग त्या नोंदणीचा क्रमांक घालून कॉलेजचा अर्ज, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची तपासणी, फी, आणि शेवटी पात्रता, म्हणजे या प्रवेशाला विद्यापीठाची मान्यता. पात्रता ठरली की विद्यापीठ १६ अंकी पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) देतं. खऱ्या अर्थाने नावनोंदणी तेव्हा होते. फीची पावती ही मधली पायरी आहे.

बहुतेक जण पावतीचा स्क्रीनशॉट काढतात आणि निर्धास्त होतात. कॉलेजने मागितलेला एखादा कागद राहून गेला की पात्रता अडकते, पीआरएन तयार होत नाही आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेच्या तोंडावर धावपळ सुरू होते. वर्ग सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने कार्यालयात जाऊन ‘माझी पात्रता झाली का, पीआरएन आला का’ हे विचाराच. आला असेल तर त्यासोबतचं नाव, आईचं नाव आणि विषय बारावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. या टप्प्यावर दुरुस्तीचं काम बहुधा एका अर्जावर भागतं. पदवीच्या वेळी त्याच चुकीसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र आणि मुंबईत फोर्टच्या विद्यापीठ कार्यालयाच्या फेऱ्या मागे लागतात.

पैसे खात्यातून गेले पण संकेतस्थळावर ‘अयशस्वी’ दिसतंय, अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांक लिहून ठेवा आणि काही तासांनी पुन्हा स्थिती बघा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआय किंवा कार्डाने केलेलं असं अडकलेलं ऑनलाइन पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवं. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॉलेजला व्यवहार क्रमांकासह ईमेल टाका आणि त्यांच्या सल्ल्याने दुसऱ्यांदा भरा.

‘कोकण’ शब्दावर विसंबून चुकीच्या कार्यालयात जाणं

राज्य शिक्षण मंडळाच्या कोकण विभागात फक्त रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात आणि त्याचं कार्यालय रत्नागिरीला आहे. रायगड मंडळाच्या मुंबई विभागात मोडतो. त्यामुळे महाड किंवा श्रीवर्धनच्या मुलाने बारावीच्या गुणपत्रिकेच्या दुय्यम प्रतीसाठी रत्नागिरी गाठली तर दिवस फुकट जातो. मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत मात्र रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही जिल्हे आहेत आणि त्याचं उपपरिसर केंद्र रत्नागिरीत आहे.

त्यातही प्रत्येक कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच असतं असं नाही. काही अभियांत्रिकी कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत, कृषी पदव्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या आहेत, तर पदविकेचा कारभार तंत्रशिक्षण मंडळाकडे आहे. साथीत परीक्षांच्या तारखा आणि पद्धती वेगवेगळ्या विद्यापीठांत वेगवेगळ्या होत्या. शेजारच्या मुलाची परीक्षा पुढे गेली म्हणून आपलीही गेली, असं समजू नका. आपल्या विद्यापीठाचं परिपत्रकच वाचा.

दोडामार्ग, बांदा भागातली जी मुलं गोव्यात शिकून गोवा बोर्डाची बारावी करतात, त्यांना मुंबई विद्यापीठात येताना स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागतं. सीबीएसईच्या मुलांनाही हेच. निकालाच्याच आठवड्यात या दोन्हींसाठी अर्ज करा. साथीत सीमेवर तपासणी नाके बसले तेव्हा हा एक कागद आणायला जाणंही कठीण झालं होतं.

फॉर्मवर दुसऱ्याचा मोबाइल नंबर

गावात रेंज नाही, म्हणून मुंबईच्या काकांनी फॉर्म भरला आणि नंबर त्यांचाच दिला. किंवा महा-ई-सेवा केंद्रवाल्याने स्वतःचा ईमेल टाकला. त्या वेळी ही मदतच वाटते. पुढे प्रत्येक ओटीपी त्या नंबरवर जातो, आणि जागा स्वीकारायच्या दिवशी काका लोकलमध्ये किंवा केंद्राला टाळं. नंबर विद्यार्थ्याचा किंवा आईवडिलांचाच द्या, आणि तो प्रवेश होईपर्यंत बदलू नका. केंद्रात फॉर्म भरलाच तर लॉगिन, पासवर्ड आणि भरलेल्या अर्जाची पीडीएफ घेतल्याशिवाय उठू नका.

ई-स्क्रुटिनीत अर्ज परत आलाय, हे न कळणं

अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरच्या अभ्यासक्रमांसाठी २०२० पासून कागदपत्रं घरबसल्या ऑनलाइन तपासून घेण्याचा, म्हणजे ई-स्क्रुटिनीचा, पर्याय आला. रत्नागिरीची वारी वाचली, हे चांगलंच झालं. पण तपासणाऱ्याला एखादा कागद पुसट वाटला तर तो अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवतो, आणि ते लॉगिन केल्यावर दिसतं. एसएमएसची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते. अर्ज भरल्यापासून ‘निश्चित’ अशी नोंद दिसेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करा. कागदाचा फोटो दिवसाच्या उजेडात, चारही कडा दिसतील असा काढा. गोल शिक्का आणि बारकोड वाचता आला पाहिजे. मोबाइलच्या स्कॅनिंग अ‍ॅपने काढलेली पीडीएफ साध्या फोटोपेक्षा बरी.

कॉलेजांचा पसंतीक्रम नुसता जतन करून ‘कन्फर्म’ न करणं, हीही जुनीच चूक. दुसरी त्याहून महाग पडते: गावाजवळचं कॉलेज सहज मिळेल म्हणून ते पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि मिळालं, की जागा आपोआप गोठवली जाते आणि पुढच्या फेरीचं दार बंद होतं. पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा, जे मिळाल्यावर दुसरं काही नको असेल. जागा मिळाल्यावर १००० रुपये स्वीकृती शुल्क भरायचं असतं, आणि त्यानंतर कॉलेजात हजर होऊन प्रवेश पक्का करायचा असतो. ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं तर पहिल्याचा उपयोग नाही. कोणत्या फेरीत किती पसंत्या आपोआप गोठतात हा नियम बदलत आला आहे, तेव्हा दादा-ताईच्या अनुभवावर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा.

दाखल्यांचं गणित इथेच बिघडतं. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र (राखीव गटातलं कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं: २०२०-२१ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२१. गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र जोडून अनेक जण खुल्या गटात ढकलले गेले. साथीत नुसत्या अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची सवलत होती, पण मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यायचंच होतं. मराठा समाजाच्या विद्यार्थ्यांची ओढाताण तर वेगळीच. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षणाला स्थगिती दिली, डिसेंबरात राज्य सरकारने ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पर्याय खुला केला, आणि ५ मे २०२१ ला कायद्यातली ती तरतूद रद्द झाली. गट आपोआप बदलेल असं समजून जे थांबले त्यांचं नुकसान झालं, कारण ईडब्ल्यूएसला तहसीलदारांचं स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. प्रक्रिया चालू असताना आरक्षणाचा नियम बदलला तर त्याच दिवशी आपल्या गटाला कोणता नवा कागद लागणार ते विचारा आणि सेतू केंद्रात अर्ज टाका.

एका वर्षाची सवलत कायमची समजणं

२०२१ ला बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ४० टक्के धरून ३ ऑगस्टला निकाल लागला आणि राज्यात ९९.६३ टक्के मुलं उत्तीर्ण झाली. त्या वर्षीच्या कटऑफवरून पुढच्या वर्षीचा अंदाज बांधणं चुकीचं होतं, आणि २०२० च्या कटऑफवरून २०२१ चा बांधणंही. असं वर्ष आलं की आदल्या दोन-तीन सर्वसाधारण वर्षांचे आकडे बघा आणि यादीत खालच्या कटऑफची कॉलेजंही ठेवा. एनआयटी या केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थांसाठीची बारावीच्या ७५ टक्क्यांची अट २०२० ते २०२२ शिथिल होती आणि २०२३ ला परत आली. बारावीकडे दुर्लक्ष करून फक्त जेईई या तिथल्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना ते जड गेलं.

प्रवेश रद्द न करता गावी निघून येणं

आम्हाला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हे. २०२० मध्ये मुंबई-पुण्यात प्रवेश घेतलेली किती तरी मुलं गावी परतली आणि जवळच्या कॉलेजात दाखल झाली. आधीच्या कॉलेजात जाणं थांबवलं, की प्रवेश आपोआप रद्द झाला असं घरच्यांना वाटलं. तसं होत नाही. लेखी अर्ज देईपर्यंत तुम्ही त्यांचे विद्यार्थी असता, शाळा सोडल्याचा दाखला तिथे अडकतो, आणि एकाच विद्यापीठात दोन ठिकाणी नाव दिसलं की पात्रता थांबते.

फी परत मिळण्याचा हक्कही त्या अर्जाच्या तारखेवर ठरतो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२०-२१ साठी ३० नोव्हेंबर २०२० पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाची पूर्ण फी, आणि ३१ डिसेंबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापून उरलेली परत द्यायला सांगितलं होतं. २०२१-२२ ला याच तारखा ३१ ऑक्टोबर आणि ३१ डिसेंबर होत्या. अशी खास सवलत नसेल तेव्हा यूजीसीची २०१८ ची श्रेणी बघायची. प्रवेशाच्या अधिकृत शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केलं तर १०० टक्के, त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि त्यापुढे काहीच नाही. पूर्ण परताव्यातूनही प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५००० रुपये कापता येतात.

फोनवर सांगितलेलं धरलं जात नाही. अर्जात नाव, अभ्यासक्रम, पावती क्रमांक, तारीख आणि बँक खात्याचा तपशील लिहा, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि एक प्रत स्पीड पोस्टाने. रद्द झाल्याचं पत्र व दाखला हाती आल्यावरच नवीन कॉलेजात फी भरा.

शेवटच्या रात्रीवर आणि एकाच मूळ प्रतीवर भिस्त

आपल्याकडे प्रवेशाचा हंगाम आणि पावसाळा एकच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडात विजेचे खांब आणि मोबाइल टॉवर झोपवले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं आणि दोन आठवड्यांच्या आत बारावीचा निकाल आला. म्हणून मुदतीच्या किमान तीन दिवस आधी अर्ज पूर्ण करा. पहाटे संकेतस्थळांवर गर्दी कमी असते. सगळ्या कागदांचं स्कॅनिंग मे महिन्यातच उरका आणि एक संच ईमेलवर, एक डिजिलॉकरमध्ये, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. मूळ प्रती झिपच्या प्लास्टिक पिशवीत, माळ्यावर.

कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका आणि ओले असताना लॅमिनेशन करू नका. कोरे कागद मध्ये घालून सावलीत सपाट वाळवा. वाहून गेले असतील तर पंचनाम्यात कागदपत्रांचा उल्लेख करून घ्या, पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करा आणि शाळेमार्फत मंडळाकडे दुय्यम प्रतीचा अर्ज द्या. दरम्यान कॉलेजला पंचनामा आणि पोलीस नोंदीच्या प्रती देऊन लेखी मुदत मागा. कॉलेज ऐकत नसेल तर आधी प्राचार्यांकडे, मग विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे आणि यूजीसीच्या ई-समाधान संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. प्रत्येक ठिकाणचा तक्रार क्रमांक पुढच्या अर्जात लिहा.