पेअर वाइनची तयारी: पेक्टोलेज घरात आल्याशिवाय फळ कापू नका

सप्टेंबर लागला की इंग्लंडमध्ये ज्यांच्या परसात कॉन्फरन्स जातीच्या पेअरचं झाड आहे ते शेजारी कुंपणावरून पिशव्या भरभरून फळं देतात. जरूर घ्या, पण त्याआधी पेक्टोलेज मागवा. पेक्टिन, म्हणजे फळातला जेलीसारखा चिकट पदार्थ, तोडणाऱ्या एन्झाइमची ही पावडर होमब्रूच्या दुकानात छोट्या डबीत मिळते. पेअरमध्ये पेक्टिन असतं. ते तोडलं नाही तर वाइन महिनोन् महिने तांदळाच्या धुवणासारखी गढूळ राहते, आणि गाळण्यातून काढली तरी फरक पडत नाही.

साडेचार लिटर वाइनसाठी अडीच किलो फळ लागतं. कॉन्फरन्स झाडावर पिकू देऊ नका, आतून तपकिरी होऊन कुजतं. कडकच तोडा, घरात पसरून ठेवा आणि रोज देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहा. तिथे जरा दबलं की घ्या. अख्खं फळ मऊ होईपर्यंत थांबलात तर गाभा गेलेला असतो, आणि कच्चं घेतलंत तर स्टार्चचा वेगळाच गढूळपणा येतो, त्यावर पेक्टोलेज चालत नाही. खाली पडलेली फळं चालतात, अळीचा भाग कापून टाका. बुरशी आलेलं फळ मात्र अख्खं फेका, बुरशीचं विष कापल्याने जात नाही.

बाकी सामान: झाकणाची दहा लिटरची बादली, डेमीजॉन (अरुंद तोंडाची मोठी बरणी), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच), सायफनची नळी, मलमलचं फडकं, हायड्रोमीटर (द्रवाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजणारी नळी). सगळं निर्जंतुक हवं, हे वेगळं सांगायला नको. शिवाय कॅम्पडेनच्या गोळ्या (सल्फाइटच्या, नको असलेले जंतू मारणाऱ्या), सायट्रिक अॅसिड, यीस्ट न्यूट्रिएंट (यीस्टचं खाद्य), ईसी-१११८ या वाइन यीस्टचं पाकीट. आणि पेक्टोलेज. डबीवरची तारीखही बघा, जुनी पावडर निकामी झालेली असते.

बादलीत आधी तीन लिटर थंड पाणी, त्यात एक कॅम्पडेन चुरून, दोन चमचे सायट्रिक अॅसिड आणि एक कप कडक कोरा चहा. पेअरला आंबटपणा कमी आणि तुरटपणा जवळजवळ नाहीच, म्हणून हे दोन्ही. फळ कापाल तसं लगेच या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. हाताने कुस्करा. शिजवू नका, उकळतं पाणी ओतू नका! उष्णतेने पेक्टिन आणखी सुटतं आणि नंतर घातलेलं एन्झाइमही गरम लगद्यात मरतं. साखर गरम पाण्यात विरघळवली असेल तर ती पूर्ण गार होऊ द्या.

बारा तासांनी पेक्टोलेज, एक चमचा भरून. कॅम्पडेनबरोबर नको, यीस्टबरोबरही नको. यीस्टच्या आधी त्याला स्वतःचे बारा तास द्या. अल्कोहोल तयार झालं की एन्झाइम मंदावतं. मागाहून दुप्पट घालून कधी निवळते, कधी नाही. बेंटोनाइट (वाइन निवळायची माती) टाकून पेक्टिन जात नाही, त्यावर पैसे घालवू नका. शंका आली तर एक भाग वाइन आणि चार भाग मेथिलेटेड स्पिरिट (जाळायचं विषारी अल्कोहोल) बाटलीत हलवून ठेवा. जेलीसारख्या गुठळ्या किंवा तंतू आले तर पेक्टिनच. ही चाचणी विषारी आहे, लगेच ओतून टाका.

मग ८०० ग्रॅम साखर, हायड्रोमीटर १.०८५ दाखवेपर्यंत थोडी थोडी वाढवा. न्यूट्रिएंट एक चमचा, यीस्ट. १८ ते २२ अंशांत ठेवा. रोज दोनदा ढवळा, वर आलेला चोथा खाली दाबा, कोरडा राहिला तर त्यावर बुरशी धरते. पाच-सहा दिवसांनी फडक्यातून गाळा. पिळू नका, लगदा उतरतो. डेमीजॉनमध्ये भरून एअरलॉक लावा.

सहा आठवड्यांनी तळाचा गाळ मागे ठेवून वरची वाइन सायफनने काढा, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा, दरवेळी अर्धी-एक कॅम्पडेन. पेअरमधलं सॉर्बिटॉल (एक गोड पदार्थ) यीस्टला खाता येत नाही, म्हणून हायड्रोमीटरचा आकडा १.०००च्या जरा वर अडकला तरी घाबरू नका. आकडा तीन आठवडे हलला नाही की बाटल्या भरा, त्याआधी भरल्या तर फुटतात. निवळक (गढूळपणा खाली बसवणारा पदार्थ) वापरायचं तर पाकिटावरचे घटक वाचा, आयसिंग्लास माशाचं असतं आणि जिलेटिन जनावराचं, शाकाहारी पाहुण्यांना ते चालणार नाही. सहा बाटल्या होतात. सहा महिने ठेवा, एक शेजाऱ्यांना द्या. विकू नका, ब्रिटनमध्ये घरी पिण्यापुरतीच मुभा आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय तेवढीही नाही, तेव्हा ही कृती गावी पाठवू नका.