गाभण गार्टर साप: बाळंतपणाआधीच्या या चुका टाळा

"मादीचं पोट फुगलंय, अंड्यांसाठी खोक्यात काय भरू?" गार्टर पाळणाऱ्या ओळखीच्यांकडून उन्हाळ्यात मला हमखास येणारा प्रश्न. काहीच भरू नका. गार्टर, म्हणजे उत्तर अमेरिकेतला हा पट्टेरी साप, अंडी घालत नाही. आपल्याकडची घोणस जशी थेट पिल्लं देते, तशीच हीसुद्धा. गोंधळ होतो तो नानेटीमुळे. अंगावरचे लांब पट्टे, सडपातळ बांधा, दोघी बहिणी वाटाव्यात अशा. पण नानेटी अंडी घालते. याच सारखेपणामुळे कुणी बागेत सापडलेली नानेटी टाकीत ठेवतं, तेही करू नका. आपल्याकडचे साप पकडून पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आणि तुमचा साप परदेशी आहे हे दाखवणारी खरेदीची कागदपत्रं जपून ठेवा.

"घरात नर नाही, मग गाभण कशी राहील?" असं म्हणून दुर्लक्ष करू नका. गार्टरची मादी नराचं बीज कित्येक महिने शरीरात साठवून ठेवू शकते. नर असेलच, तर गर्भ राहिल्यावर त्याला वेगळ्या टाकीत हलवा. तिला त्याचा पाठलाग नको असतो.

सगळ्यात जास्त नुकसान उष्णतेनं होतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर. गर्भार मादी ऊब शोधत फिरते, कारण पिल्लांची वाढ तिच्या अंगाच्या तापमानावर चालते. गरम टोकाला २९ ते ३० अंश आणि थंड टोकाला २३-२४ अंश मिळाले, की कुठे आणि किती वेळ पडून राहायचं ते तिचं ती ठरवते. ऊब कमी पडली तर दिवस लांबतात. फार तापलं तर पिल्लं पोटातच मरतात किंवा व्यंग घेऊन जन्मतात. आता पुण्याचा एप्रिल-मे डोळ्यांपुढे आणा. वरच्या मजल्यावरच्या खोलीतच दुपारी ३५ अंश असतात, आणि टाकीखालची हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) हिवाळ्यापासून चालूच असते. माझ्याकडे हेच झालं. काचेला चिकटवलेलं गोल तापमापक २९ दाखवत होतं. वायरवाल्या तापमापकाचं टोक भुशाखाली, थेट तळाशी ठेवलं, तर आकडा ३८. मादी दोन दिवस पाण्याच्या भांड्यातून बाहेर येत नव्हती, ती का ते तेव्हा कळलं. तापमान तळाशीच मोजा, मॅटला ठरावीक तापमानाला ती बंद करणारा थर्मोस्टॅट लावा, आणि उन्हाळ्यात टाकी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, फरशीजवळ ठेवा. पाण्यासाठी मी मातीचा उथळ परळ वापरतो. पाणी गार राहतं, आणि पिल्लं झाली की ती त्यात बुडायची भीती कमी.

आपल्याकडे गरोदर बाईचे डोहाळे पुरवायची रीत आहे, तीच माया सापाच्या वाट्याला येते आणि घात करते. दिवस साधारण दोन ते तीन महिन्यांचे. सुरुवातीला ती भरपूर खाते, तेव्हा नेहमीपेक्षा थोडं लवकर लवकर, पण लहान घास द्या. शेवटच्या काही आठवड्यांत बऱ्याच माद्या तोंड फिरवतात. पोटात जागाच उरलेली नसते. तोंडात घास कोंबू नका; खाल्लेलं उलटून पडतं आणि तिची उरलीसुरली ताकद त्यात जाते. काय देता हेही पाहा. गोल्डफिश आणि कार्प कुळातल्या बऱ्याच माशांत जीवनसत्त्व बी-१ नष्ट करणारा घटक असतो, आणि मासा फ्रीझरमध्ये ठेवल्यानं तो जात नाही. नुसत्या अशा माशांवर राहिलेल्या सापाला झटके येऊ लागतात. त्यापेक्षा उजनीची चिलापी चांगली, काट्यांसकट बारीक करून. नुसत्या मांसातून कॅल्शियम मिळत नाही. सोसायटीच्या गांडूळखताच्या पिंपातली लाल गांडुळं मात्र अजिबात नकोत. ती उग्र वासाचा, विषारी द्रव सोडतात. मातीतली साधी गांडुळं द्या, तीही फवारणी न झालेल्या जागेतली.

पिल्लं मोजायला पोट चाचपणं, पाहुण्यांना दाखवायला उचलणं बंद. पोट स्पष्ट दिसू लागलं की सफाईपुरताच हात लावा, नंतर साबणानं धुवा. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे विसरून चालणार नाही.

जून लागला, हवा दमट झाली, की भुसा ओला राहतो आणि पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात. भुसा कोरडा ठेवा. ओलसर शेवाळाचं एकच लपण कोपऱ्यात पुरतं.

झाकणाच्या फटी आजच बघा, आदल्या रात्री नाही. पिल्लं १५ ते २० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीहून बारीक असतात; वायर जायची भोकंही त्यांना पुरतात. तिथे बारीक जाळी बसवा. चिकटपट्टी आतून लावू नका, पिल्लाची कातडी त्याला चिकटून फाटते.

प्रसूतीत पिल्लू पातळ, पारदर्शक पिशवीत बाहेर येतं. आत नाक ढुशा देताना दिसतं, मग पिशवी फाटते आणि ते पहिला श्वास घेतं. नाळ ओढू नका. मध्येच पिवळसर गोळे पडले तर ती मादीची न फळलेली स्त्रीबीजं, घाबरू नका. पण तास उलटले तरी ती नुसतीच कळा देतेय, किंवा काही पिल्लं झाली आणि पोटात गाठी तशाच आहेत, तर थांबू नका. सापांवर उपचार करणारे डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात ते होत नाही. सोनोग्राफी किंवा एक्स-रेनं आत किती राहिलीत ते कळतं.

आणि १० ते ४० पिल्लं कोण सांभाळणार, हे आत्ताच ठरवा. वेताळ टेकडीवर किंवा कात्रजच्या घाटात सोडणं हा उपाय नाही. ती इथली नाहीत.